‘८०% सक्सेस रेट’, पण कशाचे ८०? (आयव्हीएफ सेंटर निवडताना)

अबोली३५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

लग्नाला सहा वर्षं झाली. माझं वय ३४, डिसेंबरात ३५ पूर्ण होतील. एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी) १.२. नवऱ्याचा रिपोर्ट ‘ठीक’ या सदरातला. तीन आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) झाले, तिन्ही वाया. आता आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करा असं सांगितलंय, त्यामुळे गेले दोन शनिवार आम्ही पुण्यात भाड्याचं घर शोधावं तशी सेंटरं बघत फिरतोय.

पहिलं सेंटर हायवेवरच्या होर्डिंगवालं. डॉक्टरांच्या आधी एक काउन्सेलर भेटली. तिनं लॅमिनेट केलेला कागद पुढे सरकवला: सक्सेस रेट ८०%. माझं वय तिनं त्यानंतर विचारलं. दुसरीकडे ६५% सांगितले, ‘पण पॅकेज घेतलंत तर’. तिसरं सेंटर जुनं, लिफ्ट बंद, बसायला खुर्च्या अपुऱ्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी फाइल पूर्ण वाचली, सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, ‘आमचा ४२ आहे. तुमचा किती, ते एक पिकअप (बीजं बाहेर काढणं) झाल्याशिवाय मी सांगणार नाही.’

घरी आल्यावर नवऱ्यानं एक्सेल उघडलं. (तो फ्रिज घेतानाही उघडतो.) त्याच्या शीटमध्ये ८० वाले पहिले आले आणि ४२ वाल्या बाई ढ ठरल्या. सासूबाईंचं मत वेगळंच: शेजारच्या काकूंच्या भाचीला जिथे गुण आला तिथेच जायचं, चौकशा कशाला.

मला एवढंच विचारायचंय की हे टक्के काढतात कसे? ८० आणि ४२ मध्ये खरंच दुपटीचा फरक असतो का? एका सायकलला, म्हणजे एका प्रयत्नाला, दीड ते अडीच लाख सांगताहेत, आमच्याकडे दोनदा करण्यापुरते पैसे आहेत. सेंटरची आणि डॉक्टरांची नावं कृपया इथे नकोत.

मोगरा_वेडी

वाचतेय. मीही याच रांगेत, फक्त नाशिकला.

गणिती_किडा

मी डॉक्टर नाही, आकडेवारीवर पोट भरतो. त्यामुळे औषधांबद्दल गप्प बसतो आणि टक्क्यांबद्दल बोलतो.

टक्के म्हणजे अपूर्णांक. वर काय आणि खाली काय हे कळल्याशिवाय ८० हा नुसता आवाज आहे. एक बनवलेलं उदाहरण घेऊ. आकडे माझे आहेत, कुठल्या सेंटरचे नाहीत.

१०० बायकांनी बीजं वाढवायची इंजेक्शनं सुरू केली. ८ जणींची फॉलिकल्स (बीजांच्या पिशव्या) वाढलीच नाहीत, सायकल रद्द. ९२ जणींचं पिकअप झालं. त्यातल्या १७ जणींकडे ट्रान्सफर करण्याजोगा (म्हणजे गर्भाशयात सोडण्याजोगा) एम्ब्रियो, लॅबमध्ये वाढवलेला गर्भ, उरला नाही. राहिल्या ७५, त्यांचं ट्रान्सफर झालं. ४० जणींचा बीटा (गरोदरपणाची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आला. ३३ जणींना सोनोग्राफीत हार्टबीट दिसले. २७ जणी बाळ घेऊन घरी गेल्या.

आता यातून पोस्टर बनवायचंय. ७५ पैकी ४० बीटा पॉझिटिव्ह, म्हणजे ५३%. ७५ पैकी ३३ हार्टबीट, ४४%. ७५ पैकी २७ बाळं, ३६%. आणि इंजेक्शनं सुरू करणाऱ्या १०० पैकी २७ बाळं, म्हणजे २७%. चारही आकडे खरे आहेत, कोणी खोटं बोललेलं नाही. पण सुरुवात करणारी बाई त्या १०० मधली असते, ७५ मधली नाही. ७५ मध्ये पोचते की नाही हाच तर पहिला प्रश्न.

८० चं कोडं सोपं आहे. एका वेळचा ४०% धरला, तरी तीन प्रयत्नांत एकदा तरी यश मिळण्याची शक्यता कागदावर ७८% निघते. (तिन्ही फसण्याची ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे सुमारे २२%.) पण यात गृहीत धरलंय की दुसऱ्या, तिसऱ्या वेळी शक्यता पहिल्याइतकीच राहते आणि मध्येच कोणी थांबत नाही. प्रत्यक्षात पहिल्यांदा ज्यांचं होत नाही त्यांच्यात अवघड केसेस जास्त असतात. आणि लोक थांबतात. पैसे संपतात, मन संपतं.

सातारची_सून

किडा, तुमच्या त्या ४० आणि २७ मध्ये जे १३ आहेत ना, त्यातली मी एक.

पहिल्या सेंटरमध्ये माझा बीटा १८० आला. रिसेप्शनवर पेढे वाटले, माझ्याच पैशांचे. एका बोर्डवर गुलाबी टिकली लावतात, तशी माझ्या नावानं लागली. सातव्या आठवड्यात हार्टबीट थांबले. त्यानंतर फॉलोअपला गेले तेव्हा टिकली तिथेच होती. मी सिस्टरला म्हटलं, ही काढा. ती म्हणाली, ‘ताई, ती त्या महिन्याची आहे, काढत नाहीत.’

तेव्हापासून मी एकच विचारते: टेक-होम बेबी रेट किती? हा शब्द वापरलात की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. आपल्याला थोडंफार कळतं हे त्याला कळतं.

(आता मुलगा अडीच वर्षांचा आहे. दुसऱ्या सेंटरमध्ये, तिसऱ्या ट्रान्सफरला.)

अबोली३५

सातारची_सून, टिकलीचं वाचून पोटात गलबललं. मुलासाठी खूप शुभेच्छा.
किडा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. एक्सेलमध्ये दोन कॉलम वाढलेत. 😊

थेम्सकाठी

इंग्लंडमध्ये आम्ही यातून गेलो, तिथलं लिहिते.

इथे एचएफईए नावाची सरकारी नियामक संस्था १९९१ पासून आहे. प्रत्येक क्लिनिकला प्रत्येक सायकलची नोंद तिथे करावीच लागते, आणि क्लिनिकनिहाय निकाल वेबसाइटवर कोणालाही बघता येतात. मुख्य आकडा म्हणून ते ‘ट्रान्सफर केलेल्या दर एम्ब्रियोमागे झालेले जन्म’ दाखवतात. दर बाईमागे नाही, दर एम्ब्रियोमागे. मला आधी हे विचित्र वाटलं होतं. मग नर्सनं सांगितलं, की दर ट्रान्सफरमागे मोजलं तर दोन-दोन, तीन-तीन एम्ब्रियो टाकणाऱ्याचा आकडा फुगतो आणि जुळ्यांचा धोका आईच्या माथी येतो. दर एम्ब्रियोमागे मोजलं की जास्त टाकून फायदाच नाही. १९९० च्या दशकात इथे आयव्हीएफच्या साधारण चारातल्या एका बाळंतपणात जुळी-तिळी असायची, आता वीसातल्या एकातही नसतात.

वयाचा फरक किती असतो तेही त्यांच्याच आकड्यांत दिसतं. २०२२ मध्ये स्वतःची एग्ज (बीजं) वापरणाऱ्यांत, १८ ते ३४ वयोगटात दर एम्ब्रियोमागे साधारण ३५% जन्म, ४३-४४ ला साधारण ५%. देश तोच, कायदा तोच, फरक वयाचा. म्हणून ज्या बाईनं अबोलीला वय विचारायच्या आधी ८० चा कागद दाखवला, तिनं तिथेच उत्तर दिलं असं मी म्हणेन.

अजून एक: ‘सायकल’ म्हणजे काय ते लिहून घ्या. इथे एनएचएससाठी (सरकारी आरोग्यसेवा) नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात ‘पूर्ण सायकल’ म्हणजे एकदा इंजेक्शनं, एकदा पिकअप आणि त्यातून तयार झालेल्या चांगल्या सगळ्या एम्ब्रियोंची ट्रान्सफरं, ताजी आणि फ्रोझन दोन्ही. भारतात माझ्या बहिणीला प्रत्येक फ्रोझन ट्रान्सफर ही नवी सायकल म्हणून बिल झाली.

देवमाणूस_भोर

एवढे लाखो रुपये घालण्यापेक्षा आमच्या इथे एक वैद्य आहेत, तीन महिन्यांची पुडी देतात, १००% गुण. फोन नंबर खाजगी संदेशात देतो.

गणिती_किडा

१०० पैकी १००? खाली किती जणी आहेत ते विचारून सांगा.

प्रशासक

वरील सदस्यास समज दिली आहे. औषधांची जाहिरात, डॉक्टरांची किंवा सेंटरची नावं या धाग्यावर नकोत, चांगल्या अनुभवाचीसुद्धा.

पेट्रीडिश

एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे. दहा वर्षं लॅबमध्ये काढलीत, सध्या कुठे ते सांगत नाही.

पेशंट सगळं डॉक्टरांना विचारतात, लॅबला कोणी काही विचारत नाही. आम्ही आतल्या खोलीत असतो, डोक्याला टोपी, बोलायची सवय नाही. पण तुमचे एम्ब्रियो पाच दिवस आमच्याकडे असतात. आणि बाळ होणं-न होणं वयावर, एगच्या दर्जावर, गर्भाशयावर, नशिबावर अवलंबून असलं, तरी लॅबचं काम थेट मोजता येतं. २०१७ मध्ये व्हिएन्नात आमच्या क्षेत्रातल्या जाणकारांनी त्याची मापं ठरवली. इक्सी (एका एगमध्ये एक शुक्राणू सुईनं सोडणं) केलेल्या परिपक्व एग्जपैकी नीट फर्टिलाइझ होणारी किमान ६५% हवीत, उत्तम लॅबमध्ये ८०%. फर्टिलाइझ झालेल्यांपैकी पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्टपर्यंत (ट्रान्सफरला तयार अशा वाढलेल्या एम्ब्रियोपर्यंत) पोचणारे किमान ४०%, उत्तम असेल तर ६०%. फ्रीज केलेले ब्लास्टो वितळवल्यावर जगणारे किमान ९०%.

हे आकडे प्रत्येक बऱ्या लॅबकडे दरमहा काढलेले असतात. आम्हाला ते भिंतीवर लावावे लागतात, आमच्याच भिंतीवर. विचारा. ‘तुमचा ब्लास्टो रेट किती?’ एवढं विचारलंत तरी पुरे. जिथे ‘हे तुम्हाला काय करायचंय’ असं उत्तर येतं, तिथे मी माझ्या बहिणीला पाठवणार नाही.

आणखी एक विचारा: एम्ब्रियॉलॉजिस्ट पूर्ण वेळ आहे की ‘येतो’? लहान शहरांत बऱ्याच ठिकाणी बॅच पद्धत असते. पंधरा-वीस बायकांच्या तारखा गोळीनं जुळवतात, मग मुंबई-पुण्याहून एक एम्ब्रियॉलॉजिस्ट आठवडाभर येतो आणि जातो. बॅच वाईटच असते असं नाही, मी स्वतः केल्यात. पण मधल्या काळात इन्क्युबेटरकडे, नायट्रोजनच्या टाकीकडे कोण बघतं हे विचारायचा हक्क आहे तुमचा. लोडशेडिंगच्या गावात तर नक्की विचारा.

जाता जाता: पीजीटी-ए (एम्ब्रियोच्या गुणसूत्रांची चाचणी) करणाऱ्या सेंटरचा दर ट्रान्सफरमागचा आकडा छान दिसतो. दिसणारच. नापास झालेले एम्ब्रियो ट्रान्सफरपर्यंत येतच नाहीत आणि ज्यांचे सगळेच नापास झाले त्या बायका हिशेबातून गळतात.

थेम्सकाठी

+१. एचएफईए अशा जादा चाचण्यांना रंग देते. पीजीटी-एला बहुतेक पेशंटसाठी, बाळ होण्याची शक्यता वाढवण्याच्या बाबतीत, लाल दिलाय. गर्भपाताचं प्रमाण कमी करण्याच्या बाबतीत मात्र हिरवा. म्हणजे प्रश्न काय विचारता त्यावर उत्तर.

उगाच_काहीतरी

एवढा अभ्यास दहावीला केला असता तर... (हलकेच घ्या)

जालन्याचा_जावई

मला थोडं वेगळं वाटतं, रागावू नका.

आम्ही जालन्याला. टक्के बघून मुंबईचं मोठं सेंटर धरलं होतं. दहा-बारा दिवसांत पाच सोनोग्राफ्या, प्रत्येक वेळी रात्रीची गाडी, बायको पोट धरून बसायची. मी दुकान बंद ठेवायचो. पिकअपच्या दिवशी डॉक्टर वेगळे, ट्रान्सफरला वेगळे, रिपोर्ट सांगायला तिसरेच. आकडा चांगला असेलही, पण आम्हाला दुसऱ्यांदा जायची हिंमतच उरली नाही. फ्रीज केलेले दोन एम्ब्रियो तिथेच होते आणि आम्ही सहा महिने गेलोच नाही.

मग संभाजीनगरला तासाभराच्या अंतरावर एक साधं सेंटर धरलं, नव्यानं पिकअप केलं. डॉक्टर एकच, रात्री फोन उचलायच्या. तिथला टक्का मी विचारलाही नाही. मुलगी झाली. माझं म्हणणं, ज्या ठिकाणी तुम्ही दोनदा-तीनदा न थकता जाऊ शकाल ते ठिकाण बरं. किडाभाऊंनीच वर लिहिलंय की लोक मध्ये थांबतात. का थांबतात, तर असे थांबतात.

गणिती_किडा

जावईबापू, हा मुद्दा मला सुचला नव्हता आणि तो गणितातही बसतो.

लहान आकड्यांबद्दल लिहायचं राहिलं होतं. एका सेंटरनं वर्षात २० ट्रान्सफर केली, १२ लागली: ६०%. दुसऱ्यानं ४५० केली, १८० लागली: ४०%. पहिलं चांगलं? दोन्हीकडचं कौशल्य अगदी सारखं, ४०% चंच असेल, तरी वीसाच्या गठ्ठ्यात निव्वळ योगायोगानं १२ किंवा जास्त लागण्याची शक्यता सुमारे ६% आहे. म्हणजे अशी वीस लहान सेंटरं घेतली तर एखाद्याचं पोस्टर बहुधा ६०% चं होणार, आणि होर्डिंग तोच लावणार. बाकीचे एकोणीस कशाला लावतील?

दुसरी गंमत वयाची. ‘अ’ सेंटरमध्ये १०० जणी, त्यात तरुण ८०, चाळिशीच्या पुढे-मागे २०. तरुणांत ४० टक्क्यांनी ३२ बाळं, मोठ्यांत १० टक्क्यांनी २. एकूण ३४%. ‘ब’ मध्ये तरुण फक्त ४०, मोठ्या ६०. तरुणांत ४५ टक्क्यांनी १८, मोठ्यांत १५ टक्क्यांनी ९. एकूण २७%. पोस्टरवर ‘अ’ जिंकलं. पण तरुण असा की मोठ्या, दोन्ही गटांत ‘ब’ सरस आहे. ‘ब’ चा गुन्हा एवढाच की त्यांनी अवघड केसेस परत पाठवल्या नाहीत.

हडसनपार

अमेरिकेत हेच झालं होतं म्हणून लिहिते. इथे १९९२ चा कायदा आहे, क्लिनिकनं आकडे केंद्र सरकारच्या सीडीसी या आरोग्य संस्थेला द्यायचे. न देणाऱ्याला दंड नाही, फक्त ‘यांनी आकडे दिले नाहीत’ अशा यादीत नाव येतं. डोनर एग्जचे (दुसऱ्या बाईनं दिलेल्या) आकडे वेगळे दाखवतात, वयोगट वेगळे. आणि एवढं सगळं छापून क्लिनिकांच्या सोसायटीच्या (सार्ट) अहवालात ठळक टीप असते की पेशंट वेगवेगळे असल्यामुळे दोन क्लिनिकची तुलना अर्थपूर्ण असेलच असं नाही! आम्ही हसलो होतो. पण एएमएच ०.४ घेऊन तिसऱ्या क्लिनिकनं गोड बोलून वाटेला लावलं तेव्हा टीप समजली. माझ्यासारखीमुळे त्यांचा आकडा खाली आला असता.

आजी_ऑनलाइन

मुलींनो, मी परळची. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांनी टेस्ट ट्यूब बेबी जन्माला घातली तेव्हा आमच्या चाळीत पेपर हातोहात फिरला होता. तेव्हा लोक ‘होतं का’ एवढंच विचारायचे, ‘किती टक्के’ कोणी विचारत नव्हतं. बाकी तुमचं गणित माझ्या डोक्यावरून गेलं, पण टिकलीची गोष्ट लागली मनाला.

काळा_कोट

कायद्याचं थोडं. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा २०२१ चा, २५ जानेवारी २०२२ पासून लागू. नोंदणीशिवाय सेंटर चालवता येत नाही. नोंदणी लेव्हल १ आणि लेव्हल २ अशी असते. लेव्हल १ म्हणजे आययूआयपुरतं, आयव्हीएफसाठी लेव्हल २ हवी. नोंदणीचं प्रमाणपत्र मागून बघा, नॅशनल रजिस्ट्रीच्या पोर्टलवरही तपासता येतं. (बाईचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५ ही मर्यादाही याच कायद्यात.)

आता धाग्याच्या कामाचं. कलम २१ नुसार जोडप्याला समुपदेशन करताना त्या क्लिनिकमधली यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च, दुष्परिणाम, जुळ्या-तिळ्यांचा धोका हे सगळं सांगणं हे क्लिनिकचं कर्तव्य आहे. ‘त्या क्लिनिकमधली’ हे महत्त्वाचं. जगाची सरासरी सांगून सुटका नाही. तक्रार निवारण कक्षही असायलाच हवा. मात्र सेंटरनिहाय निकालांचा तक्ता इंग्लंडसारखा लोकांसाठी लावलेला आपल्याकडे नाही. त्यामुळे विचारायचं काम शेवटी आपल्याच गळ्यात.

मांडवीकाठ

गोव्यातल्या कोणाला उपयोग होईल म्हणून: बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात २०२३ पासून आयव्हीएफ मोफत सुरू झालंय. रांग आहे, पण काउन्सेलरच्या हातात पॅकेजचा कागद नाही.

नको_असलेलं_नाव

नवा आयडी घेऊन लिहितेय, कारण जुन्यावर नातेवाईक आहेत.

वय ४१. एका सेंटरनं मला ७०% सांगितलं. मी आनंदानं रडले. दोन सायकल स्वतःच्या एग्जनं केल्या, एकदा दोन एग मिळाली, एकदा एक. मग शांतपणे सांगितलं, ‘आता डोनरला जाऊ, तो आपला ७०% तिथलाच आहे.’ डोनर कायद्यानं २३ ते ३५ वयाची असते. तिच्या एगचा आकडा तिच्या वयाचा, तो माझ्यापुढे माझा म्हणून ठेवला होता.

डोनरला माझा विरोध नाही. उलट आधी सांगितलं असतं तर दोन वर्षं आणि साडेचार लाख वाचले असते, आणि कदाचित मी तेव्हाच हो म्हटलं असतं. आता आम्ही थांबलोय. मी बरी आहे. कोणी हळहळू नका, फक्त ‘हा आकडा सेल्फ एगचा का डोनर धरून?’ हे वाक्य लिहून पाकिटात ठेवा.

सातारची_सून

तुमचं वाक्य ठेवलं. ❤️

अबोली३५

पंधरा दिवसांनी येतेय. सगळे प्रतिसाद छापून घेतले, नवऱ्यानं पिवळा हायलायटर मारला आणि आम्ही तिन्ही सेंटरांना तेच प्रश्न विचारले.

८० वाले: मी विचारलं, वर काय खाली काय. काउन्सेलर म्हणाली, ‘मॅडम, एवढं निगेटिव्ह नाही व्हायचं, पॉझिटिव्ह एनर्जी ठेवा.’ ब्लास्टो रेट विचारल्यावर ‘सरांना विचारून व्हॉट्सअॅप करते’. आजवर रोज सकाळी सुविचार येतो, रेट आला नाही.

६५ वाले: पॅकेज तीन प्रयत्नांचं, बाळ नाही झालं तर काही रक्कम परत. नवऱ्याला मोह झाला. घरी आणून बारीक अक्षरातलं वाचलं, तर तिसरा प्रयत्न ‘वैद्यकीय सल्ल्यानुसार डोनरसह’, आणि रक्कम परत मिळण्यासाठी वय ३५ च्या आत, एएमएच १.५ च्या वर. म्हणजे ज्यांचं बहुधा होणारच त्यांना हमी. मी एएमएचमुळे आत्ताच बाहेर, वयामुळे डिसेंबरात.

४२ वाल्या डॉक्टरबाईंना विचारायला लाजच वाटत होती. त्यांनी चष्मा लावला आणि कपाटातून रजिस्टर काढलं. खरंखुरं, हिरव्या पुठ्ठ्याचं. म्हणाल्या, ४२ हा ट्रान्सफरमागे हार्टबीटचा आहे, सगळी वयं धरून, डोनर वगळून. बाळांचा आकडा विचारलात तर माझ्याकडे पूर्ण नाही, कारण बायका बाळंतपणाला माहेरी जातात. लातूर, बार्शी, विजापूर. फोन नंबर बदलतात. काही जणी तर मुद्दाम उचलत नाहीत, घरच्यांना आयव्हीएफचं माहीतच नसतं. ‘आमचीही खूण नको असते त्यांना. मी कशी मोजू?’

मग त्यांनी ३५ ते ३७ वयोगट पेन्सिलनं मोजून दिला. आधीच्या वर्षी ३८ पिकअप. त्यातून, फ्रोझन ट्रान्सफर धरून, १० जणींना बाळ झालेलं नक्की माहीत. ३ अजून पोटात. दोघींचा पत्ता नाही. बाकीच्यांचं नाही झालं. ब्लास्टो रेट ५१, लॅबचा मुलगा पूर्ण वेळ, त्याला बाहेर बोलावून भेट घालून दिली. तो पार गोंधळला. पेट्रीडिश, तुमची आठवण आली.

नवऱ्याच्या एक्सेलमध्ये आता ८० वाल्यांची ओळ रिकामी आहे. आमचं ठरलं, हिरव्या रजिस्टरवाल्यांकडेच. सासूबाईंना मी सांगितलं की लिफ्ट बंद आहे. त्या म्हणाल्या, ‘मग मी खालीच बसेन, डबा घेऊन.’

गणिती_किडा

३८ पैकी १० म्हणजे २६%. पण ३८ हाही लहान आकडा आहे, खरा दर १५ ते ४२ मध्ये कुठेही असू शकतो. आणि पोटातल्या तिघी धरल्या तर जरा वर. हे निरुत्साही करायला लिहीत नाही. फक्त २६ ही दगडावरची रेघ नाही, इतकंच.

अबोली३५

माहीत आहे. २६ वर नवऱ्यानं पेन्सिलनंच लिहिलंय.
पाळी परवा-तेरवा अपेक्षित आहे, दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शनं. ती घरी घ्यायची म्हणे, पोटावर. कोणी घेतलीत?

सातारची_सून

मी पस्तीसेक घेतली असतील. आधी बर्फ लाव दोन मिनिटं, औषध फ्रिजमधून काढून जरा बाहेर ठेव, थंड गेलं की जास्त झोंबतं. रोज बाजू बदल. आणि पहिलं नवऱ्याला देऊ देऊ नकोस, त्याचे हात तुझ्यापेक्षा जास्त कापतील.